आत्याचे वाईट फोटो

माझी ताई निसर्गचित्रं काढते आणि निसर्गात जात नाही. लोकांना हे ऐकून धक्का बसतो. मला बसत नाही, कारण मी पासपोर्टचे फोटो काढतो आणि अजून विमानाची शिडीसुद्धा चढलेलो नाही.

पूर्वी जायची ती. स्टूल, छत्री, रंगांची पेटी, पाण्याच्या दोन बाटल्या, एक रंगाची आणि एक प्यायची. वर्षातून तीनदा तरी उलट व्हायचं. मुंग्या चावायच्या, वाऱ्याने कागद उडायचा, आणि मागे कुणीतरी येऊन उभं राहून सांगायचं, "ते झाड इथे नाहीये हो बाई, तिकडे आहे." मग तिने फोनवर फोटो काढून घरी यायला सुरुवात केली. नऊ वर्षं झाली. तिची चित्रं दातांच्या दवाखान्यात आहेत, बँकांत आहेत, विम्याच्या कचेऱ्यांत आहेत. माणसाला जिथे नाइलाजाने बसून राहावं लागतं, तिथे समोर ताईची टेकडी असते.

तिचा फोन जुना होता. त्याच्या कॅमेऱ्यावरच्या काचेला कोपऱ्यातून कोपऱ्यात तडा गेलेला. त्याने काढलेला फोटो बघितला की तुम्हाला वाटलं असतं, चष्मा पुसायला झालाय. ताई तो साध्या कागदावर काळापांढरा छापायची, तळहाताएवढा, आणि चिमट्याने फळीला अडकवायची.

"फोटोतून मला तीनच गोष्टी लागतात," ती म्हणायची. "काळं कुठे, उजळ कुठे, आणि जमीन कुठे संपते. बाकीचं मी बघते."

"मग चांगला फोटो घे की."

"चांगल्या फोटोत सगळं होऊन गेलेलं असतं, ठोंब्या. तिथे जाऊन मी काय करू, टाळ्या वाजवू?"

ठोंब्या म्हणजे मी. खरं नाव पासपोर्टवर आहे.

तर डोळ्यांच्या एका मोठ्या दवाखान्याने तिला चित्र सांगितलं. आत शिरल्याशिरल्या समोरची भिंत, नऊ फूट बाय सहा फूट. एवढं मोठं काम तिला कधी मिळालं नव्हतं. कॅनव्हास ताणून झाला, भिंतीला टेकवून झाला, आणि त्याच आठवड्यात फोन टर्पेंटाइनच्या बरणीत पडला. ब्रश धुवायच्या बरणीत. फोन धुऊन निघाला, कायमचा.

नवा फोन आणला तो फार हुशार निघाला. हात वर केला की तो सांगायचा, थोडं डावीकडे. क्षितिज वाकडं असलं तर सरळ करायचा. सावलीत दिवा लावायचा. ढगाळ, मळकट, पाय ओढत चाललेली एक दुपार ताईने मोठ्या मुश्किलीने गाठली, तर फोनने तिची शाळेची सहल करून दिली.

आठ महिने झाले. कॅनव्हास पांढरा राहिला असता तरी चाललं असतं, पण ती रोज कोळशाने काहीतरी आखायची आणि संध्याकाळी फडक्याने पुसायची, त्यामुळे तो हळूहळू वापरलेल्या बनियनच्या रंगाचा झाला. ताईचाही रंग साधारण तसाच झाला होता. ती सकाळी उठायची तीच दमलेली. चहा घ्यायची, कॅनव्हाससमोर बसायची, आणि दाढ दुखणारा माणूस खुर्चीकडे बघतो तशी त्याच्याकडे बघायची.

मग दवाखान्याच्या व्यवस्थापकबाईंचा फोन आला. फार गोड बोलल्या. पुढच्या महिनाअखेरीपर्यंत चित्र लागलं नाही तर त्या भिंतीवर धबधब्याचा छापील फोटो चिकटवणार होत्या. वॉलपेपरवाला माप घेऊन गेला होता.

ताईने फोन ठेवला आणि म्हणाली, "टाइल्सच्या कारखान्यात डिझाइनची जागा आहे. नऊ ते सहा. बाथरूमच्या टाइल्सवर फुलं काढायची."

"तुला फुलं आवडत नाहीत."

"म्हणूनच बरं. नावडतीचं मीठ अळणी असलं तरी चालतं." मग कॅनव्हासकडे हनुवटी करून म्हणाली, "यावर मला पटेल असं एक चित्र निघालं तर ठीक. नाही निघालं तर मी टाइल्सला जाते. कंटाळा आला रे." उद्या धुणं टाकायचंय, अशा आवाजात ती हे बोलली, म्हणून मला भीती वाटली. ताई आदळआपट करते तेव्हा काळजी नसते.

मी माझ्या परीने प्रयत्न केला. दुकानातला कॅमेरा आणि स्टँड घेऊन रविवारी टेकडीवर गेलो आणि साठ फोटो काढून आणले. ताईने ते एकेक करून पाहिले.

"ठोंब्या, ही टेकडी व्हिसासाठी उभी आहे."

"म्हणजे?"

"दोन्ही कान दिसतायत."

खरं होतं. अकरा वर्षं माणसांना पांढऱ्या पडद्यासमोर बसवून मी 'हसू नका' म्हणत आलोय. माझ्यासमोर टेकडीसुद्धा हसेना. झाडं बरोबर मधोमध, आकाश कोरं, चेहऱ्यावर सावली नाही.

आणि मग आत्याचं मांजर आलं. आलं म्हणजे, आलं नाहीच. आत्याने मला फोनवर एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'आमच्या जिन्यातलं मांजर बघ कसं बसलंय.' फोटोत मांजर नव्हतं. एक भिंत होती, ती उजवीकडे कलंडली होती. एक भलीमोठी काळी सावली खालून वर चढत होती आणि वरच्या टोकाला कुठूनतरी उजेड सांडला होता. बाकी सगळं हललेलं.

मी हसत हसत ताईला दाखवला. तिने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि खिडकीपाशी गेली. आठ महिन्यांत ती आपण होऊन पहिल्यांदा खिडकीपाशी गेली होती.

"कुणी काढला हा?"

"आत्याने. मांजर आहे म्हणे."

"कुठे?"

"नाहीये."

"सुरेख आहे," ताई म्हणाली.

आत्या म्हणजे आमच्या वडिलांची थोरली बहीण. एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होती. तिकिटाची पेटी, खांद्याला चामड्याची पिशवी, आणि आवाज असा की मागच्या दारातला माणूस पुढच्या दारातून उतरायचा. एकतीस वर्षं चालत्या गाडीत दांडा न धरता उभं राहिल्यामुळे तिच्या अंगाला एक सवय लागली आहे. स्थिर जमिनीवर उभी राहिली की ती डुलते. वळण येणार म्हणून अंग आधीच कलतं, आणि वळण येतच नाही. तिचे फोटो वाकडे येतात ते म्हणूनच. 'नाचता येईना अंगण वाकडं' असं लोक म्हणतात. आम्हाला वाकडं अंगणच हवं होतं, आणि ते बसभाड्याच्या अंतरावर राहत होतं.

ताई तिला भेटायला गेली. "आत्या, मला फोटो काढून देशील? टेकडीचे, नदीचे. मला चित्रासाठी हवेत."

"मी?" आत्या म्हणाली. "अगं, हा ठोंब्या आहे ना फोटोवाला घरात."

"त्याला जमत नाही."

"तेही खरंच," आत्या म्हणाली.

मग दर रविवारी मी आत्याला स्कूटरवर मागे बसवून न्यायचो. पंप-हाउसच्या मागची चढण, नदीचं वळण, बंद पडलेली खाण. आत्या फोन दोन्ही हातांनी छातीशी धरायची, सुट्टे पैसे धरल्यासारखा, आणि झाडांना म्हणायची, "चला, पुढे सरका, मागे जागा आहे." मग धडाधड बटण दाबायची. स्क्रीनकडे बघायची नाही. तिचं म्हणणं, समोर गाडीभर माणसं असताना पेटीकडे कोण बघतं.

फोटो भयानक यायचे. ताई ते छापून फळीला लावायची. एकात नुसतं गवत, एकात आत्याचा दंड आणि त्याच्या पलीकडे पेटल्यासारखं पाणी. तिने कोळशाच्या काड्या बाहेर काढल्या. जेवताना एकदा स्वतःहून दुसरी पोळी घेतली.

चूक तिथून पुढे झाली. आत्याने विचारलं, "बरे येतात का गं फोटो?"

ताई कामात होती, मान वर न करता म्हणाली, "तुझ्याकडे नजर आहे, आत्या."

यात खोटं काही नव्हतं. पण बासष्ट वर्षांच्या बाईला हे वाक्य पहिल्यांदा ऐकायला मिळालं होतं. नोकरीत तिचं कौतुक एकदाच झालं होतं, कुणाची तरी विसरलेली छत्री परत केल्याबद्दल. ती घरी गेली, आरशासमोर उभी राहिली असावी, आणि वाचनालयाच्या हॉलमध्ये संध्याकाळी फोटोग्राफीचा वर्ग चालतो तिथे नाव घालून आली. आम्हाला बोलली नाही. आम्हाला चकित करायचं होतं.

आम्ही चकित झालो. पुढच्या सोमवारी ताईने एक फोटो छापून माझ्यासमोर धरला.

"हे काय आहे?"

"क्षितिज."

"सरळ आहे."

"हो."

"तिला बरं नाहीये का?"

त्याच्या पुढच्या आठवड्यात झाड फोटोच्या बरोबर एक तृतीयांशावर आलं. पुढे एक दगड, मागे डोंगर, मधे वळणारी वाट. असला फोटो तुम्ही हजार कॅलेंडरांवर पाहिला असेल. स्कूटरवर मागे बसून आत्या माझ्या कानात मास्तरांची वाक्यं ओरडायची. "फोटो म्हणजे संयम!" "आधी डोळ्याने काढायचा, मग बोटाने!" मास्तरांनी तिचा एक फोटो वर्गात सगळ्यांना दाखवला होता. ती हे सांगताना इतकी खूश होती की माझ्या खांद्यावर थापा मारत होती आणि आमची स्कूटर प्रत्येक थापेला डावीकडे जात होती.

"तिला सांगायला हवं," मी ताईला म्हणालो.

"सांग."

"तू सांग. नजर आहे म्हणून तूच म्हणालीस."

"काय सांगू? की आत्या, तुला येत नव्हतं म्हणून आम्ही तुला घेतलं होतं, आणि आता तुला यायला लागलंय तर आमचं नुकसान होतंय?"

मोठ्याने बोलल्यावर ते फारच वाईट ऐकू आलं. महिना संपायला पंधरा दिवस होते आणि कॅनव्हास पुन्हा बनियन झाला होता.

"रविवारी तिला एवढंच म्हण," ताई शेवटी म्हणाली, "की घाईघाईत काढ. न बघता. पहिल्यासारखे."

रविवारी मी म्हणालो. आत्या पंप-हाउसच्या चढणीवर उभी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं फाटक्या नोटेकडे बघायची.

"घाई? अरे, घाईत काढलेल्याला फोटो म्हणतात का? ते मी आधी काढायचे, येत नव्हतं तेव्हा."

"ताईला तसेच आवडतात."

"ती आपली माझं मन राखते. गुणाची पोर आहे." आत्याने फोन डोळ्यासमोर धरला, मान तिरकी केली, समोरच्या झाडाला तिसऱ्या भागात बसवून पाहिलं. बसेना. झाड जरा मोठं होतं. "मास्तर म्हणतात, मावत नसेल तर दोन पावलं मागे यायचं. चित्र मोठं होतं."

ती दोन पावलं मागे आली. तिसऱ्याची गरज पडली नाही.

एकतीस वर्षं चालत्या बसमध्ये, ब्रेक, खड्डे, वळणं, दारू प्यालेले प्रवासी, एवढं सगळं सोसून जी बाई एकदाही पडली नव्हती, ती थांबलेल्या टेकडीवरून पडली. पंधरा फूट असेल. उताणी, मग कुशीवर, मग पुन्हा उताणी. ओरडली नाही. फक्त फोनची टिकटिक ऐकू येत होती, कारण बोट बटणावरच होतं. मी धावत, घसरत खाली पोचलो तेव्हा ती एका झुडपात पाठीवर होती.

"फोन बघ," ती म्हणाली. मग म्हणाली, "पाय बघू नकोस."

मी पाय बघितला. तो भलत्याच दिशेला चालला होता.

घोटा दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरांनी प्लास्टर घालायला आत घेतलं. ताई हातातलं तसंच टाकून आली होती, मनगटाला कोळसा, पायात दोन वेगळ्या चपला. आधी रडली, मग मला बोलली, मग स्वतःला बोलली, आणि बाहेरच्या बाकावर बसली. आतून आत्याचा आवाज येत होता. ती विव्हळत होती आणि मधून मधून डॉक्टरांना हळू चालवा म्हणत होती.

माझ्या खिशात आत्याचा फोन होता. पडताना नऊ फोटो निघाले होते. मी ते बघत होतो, ताईने वाकून बघितलं. पाचवा गेला, सहावा आला आणि तिने माझं मनगट धरलं.

त्यात आकाश खाली होतं. खालच्या बाजूला फिकट, धुतलेलं, खोल, विहिरीसारखं. वरून उजवीकडून टेकडी येत होती, एखादं दार अंगावर उघडावं तशी, आणि तिच्यावरचं गवत नुसत्या रेघा झालं होतं. त्या आकाशात अगदी मधे एक काळा ठिपका होता. ती आत्याची चप्पल होती.

ताई किती वेळ बघत होती माहीत नाही. तिच्या चेहऱ्यावरून थकवा गेला असं मी म्हणणार नाही. पण थकवा जरा बाजूला सरकून बसला.

"ठोंब्या."

"हं."

"आत्या आत विव्हळतेय ना?"

"हो."

"आणि मी काय करतेय?"

"सहावा बघतेयस."

तिने फोन माझ्या मांडीवर उलटा ठेवला. दोन मिनिटं भिंतीकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, "मला पाठवून ठेव."

पुढे बारा दिवस तिने काम केलं. लोकांना वाटतं अशा वेळी कलाकाराच्या अंगात वारं शिरतं. तसलं काही नाही. ट्रकमधून सिमेंटची पोती उतरवणारा हमाल कसा काम करतो, तसं तिने केलं. एक आणलं, ठेवलं, परत गेली. भिंत रंगवायचा ब्रश, फडकी, एकदा तर केर काढायचा झाडू. उभ्याने जेवायची. अंधार पडायला लागला की "दमले" म्हणायची आणि जिथे असेल तिथे बसायची. तळहाताएवढा तो फोटो फळीला होता, पण चौथ्या दिवसानंतर ती त्याच्याकडे बघेनाशी झाली. बाराव्या दिवशी हात धुऊन आली, समोर उभी राहिली आणि म्हणाली, "पटलं."

मला ती खूश दिसेल अशी अपेक्षा होती. ती म्हणाली, "आता आत्याला सांगायचं."

आत्या रोज फोनवर विचारत होती, कुठला फोटो घेतलास. तिला वाटत होतं, झाडवाला. दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा टेम्पो येणार होता, म्हणून आदल्याच दुपारी ती कुबडी घेऊन, रिक्षा करून आली. मी तिला खुर्ची दिली. बसली नाही. एका पायावर कॅनव्हाससमोर उभी राहिली, आणि पहिल्यांदाच ती डुलत नव्हती.

"हे मी पडले ते आहे," ती म्हणाली.

आम्ही दोघं जमिनीकडे बघत होतो.

"असंच होतं. आकाश असं खाली आलं होतं. मी शेजारणीला सांगितलं, तर ती म्हणते, डोक्याला मार लागलाय. एवढं क्षणभर दिसलं मला, आणि तू ते..." ती थांबली. "पण मी तर त्या दिवशी झाडाचे बावीस फोटो काढले होते. मास्तरांना दाखवले मी ते. त्यांना आवडले."

"चांगले आहेत ते, आत्या," ताई म्हणाली.

"मग?"

ताईने सांगितलं. आडवळण घेतलं नाही. जुना फोन, तडा, माझे व्हिसाचे फोटो, मांजर नसलेला फोटो. चांगल्या फोटोतून तिला चित्र निघत नाही आणि आत्याचे फोटो वाईट होते, म्हणून. नजर आहे म्हणाले ते खोटं नव्हतं, पण तुला वाटलं ते नव्हतं. वर्गाला जायला लागलीस तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू दोन पावलं मागे गेली नसतीस.

आत्या हळूच खुर्चीत बसली. कुबडी मांडीवर आडवी घेतली.

"म्हणजे मला चुकीच्या गाडीत बसवलंत," ती म्हणाली. "आणि मी आपली खिडकीतून हात हलवतेय."

"आत्या..."

"थांब. आणि शिकले त्याचं काय? आता वाईट काढायला मला यायचं नाही. आलेलं जात नाही, बघ." तिने नाक पुसलं. "बरं, मला एक सांग, हे तिथे लागणार? येणारंजाणारं माणूस बघणार?"

"हो."

"नाही लावायचं. एकतीस वर्षांत एकदा पडले नाही मी. डेपोत विचार कुणालाही. आणि आता नऊ फुटांत उताणी पडू होय?"

मी ताईकडे बघितलं. सगळं तिथे होतं, समोर, ओलं. तिला तोंड उघडून नुसतं 'पण' म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "बरं." आणि उठून कॅनव्हासची एक बाजू धरली, मला दुसरी धरायला सांगितली. ते भिंतीकडे तोंड करून ठेवायचं होतं. पलंगाची अडचण होती, त्यामुळे वळवताना ते आधी खालचं वर करावं लागलं. आकाश वर गेलं, टेकडी खाली आली.

"असं राहू दे," आत्या म्हणाली.

"कसं?"

"असंच. असं लावलं तर नुसती टेकडी वाटते. कुणाला कळणार नाही. मला काय, माझं मला माहीत."

ताई पुन्हा म्हणाली, "बरं."

दवाखान्यात आत्या हट्टाने आली. तिथल्या शिपायाने तिला चाकाची खुर्ची दिली. तिचा पाय बघून त्याला ती चुकीच्या दवाखान्यात आल्याचं वाटत होतं आणि त्याने तसं दोनदा सांगितलं. सुताराने भिंतीत आधीच पट्ट्या ठोकल्या होत्या. आम्ही चौघांनी मिळून चित्र उचललं, आकाश वर. सुताराने तात्पुरते दोन स्क्रू मारले. डोळ्यांत थेंब घातलेली पंधरावीस माणसं समोरच्या बाकांवर बसली होती आणि आमच्या दिशेने सौजन्याने बघत होती.

व्यवस्थापकबाई खोलीतून बाहेर आल्या. चार पावलं मागे जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्या पावलांकडे बघत होतो, अनुभव होता.

"वा!" त्या म्हणाल्या. "पक्षी किती छान उडतोय. अगदी फोटोसारखं आलंय हो!"

त्यांनी हे कौतुक म्हणून म्हटलं होतं. ताईने मान डोलावली. नऊ वर्षं ती हे वाक्य ऐकून मान डोलावत आली आहे. पण खुर्चीतून आवाज आला, मागच्या दारातल्या माणसाला ऐकू जाईल असा.

"फोटो माझा आहे, आणि तो असा नाही. उलटं करा."

"आत्या, राहू दे," ताई म्हणाली.

"काय राहू दे? ती चप्पल आहे माझी. पक्षी म्हणे! मी पंधरा फूट पडले, हाड मोडलं, आणि बघणाऱ्याला वाटतंय कुणीतरी सहलीला गेलं होतं. उलटं करा. पडले तर पडले. लपवायचं काय त्यात?"

व्यवस्थापकबाईंना काही कळेना, म्हणून आम्ही ते उलटं करून दाखवलं. आकाश खाली, टेकडी वरून अंगावर. बाकांवरच्या दोन माणसांनी आपापल्या डोळ्यांपुढे हात हलवून बघितला.

"छे, छे," बाई म्हणाल्या. "अहो, ऑपरेशन झालेला पेशंट बाहेर येणार, पट्टी निघणार, आणि त्याला पहिल्यांदा दिसणार हे! त्याला वाटेल, डोळा उलटा बसवला. आमचं नाव जाईल. पहिल्यासारखं लावा, फार छान दिसतंय. नाहीतर मग मला धबधब्यावाल्याला फोन करावा लागेल."

त्यांचंही बरोबर होतं. मी पेशंट असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. सुतार स्क्रू ओठांत धरून उभा होता. तो म्हणाला, "बाई, वर कुठली बाजू ते एकदा सांगा. चार स्क्रू मारले की मग मी काढणार नाही."

सगळे ताईकडे बघायला लागले. ती चित्राकडे बघत होती. एवढ्या महिन्यांत तिने प्रत्येकाला 'बरं' म्हटलं होतं. मला, आत्याला, व्यवस्थापकबाईंना, टाइल्सवाल्यांना. मी मनातल्या मनात ते ऐकलंसुद्धा.

"परत नेते मी," ताई म्हणाली.

"अहो, पण..."

"तुमची भिंत आहे, तुम्ही धबधबा लावा. चांगला दिसेल. हे असंच आहे. दुसरीकडून नाही." आवाज चढला नव्हता. झोप आलेला माणूस बोलतो तशी बोलली. मग सुताराला म्हणाली, "दादा, ते दोन तेवढे काढा."

त्याने कुरकुर करत काढले.

टेम्पोत चित्र आडवं मावेना, म्हणून तिरकं टेकवलं आणि त्याच्या खाली जी तिकोनी जागा उरली तिच्यात आम्ही तिघं बसलो. आत्याचा प्लास्टरचा पाय माझ्या मांडीवर होता. डोक्यावर आकाश होतं, रंगवलेलं, अजून टर्पेंटाइनचा वास येणारं. गाडी चालू झाली तशी आत्या एकदम स्थिर झाली. तिला खरी वळणं मिळाली होती.

"माझ्यामुळे गेलं ना काम," ती म्हणाली.

"नाही गं."

"आता टाइल्स?"

ताईने डोळे मिटले होते. वाटेत दोन सिग्नल गेले.

"त्यांना फोन करून सांग, ठोंब्या," ती म्हणाली. "म्हणावं, येणार नाही. घोटा मोडलाय."

"कुणाचा?"

"घरात कुणाचा तरी."

"आणि मग करणार काय?" आत्याने विचारलं. "मी आता वाईट काढून देणार नाही हं. सांगून ठेवते."

"नको देऊस. मी जाईन त्या चढणीवर. रविवारी. मुंग्या असतील." हे शेवटचं ती इतक्या वैतागून म्हणाली की मुंग्या आत्ताच चावल्या असाव्यात. मग तिने डोकं चित्राच्या लाकडी चौकटीला टेकवलं आणि झोपली, तोंड उघडं टाकून, खड्ड्यांसकट.

आत्याने फोन काढला, मान तिरकी केली, तिचा एक फोटो घेतला आणि मला दाखवला. अगदी सरळ आला होता.